नागावहून उचललेला गवंडी

नागावहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो विचारतो, समुद्र कसा होता. समुद्र चांगला होता. किनारा लांबलचक, वाळू काळसर, आणि भरतीला पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत येतं. एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. मला सांगायचं असतं ते वेगळंच, आणि ते सुरू केलं की समोरच्या माणसाला आपण घाईत असल्याचं आठवतं. म्हणून लिहून काढते आहे. लिहिलेलं मध्येच कोणी तोडत नाही.

गेलो होतो आम्ही दोघी. मी आणि माझी थोरली बहीण सुमनताई. माझी सांगलीत मसाला कांडपाची गिरणी आहे. उन्हाळ्यात चटणीचा हंगाम सुरू झाला की मान वर काढायला फुरसत नसते, म्हणून थंडीतच निघालो. सुमनताई पुण्यात सरकारी नोकरीत होती, आता निवृत्त आहे. तिचा एकुलता एक मुलगा प्रशांत अमेरिकेत असतो. हे सगळं आत्ताच सांगते, कारण पुढे लागणार आहे.

नागाव

उतरलो विलास म्हात्रे यांच्या वाडीत. नारळ-सुपारीची जुनी बाग, तिच्यात मागच्या बाजूला चार खोल्या बांधून त्यांनी होमस्टे केला आहे. विलास मोकळ्या बोलण्याचा माणूस, पन्नाशीच्या अलीकडचा. त्यांची बायको पाहुण्यांचं बघते आणि स्वयंपाकघर साहिदाच्या हाती.

साहिदाची आणि माझी गट्टी पहिल्याच सकाळी जमली. ती घावणे काढत होती. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीवर हात बसलेला, तांदळाचं पातळ पीठ तव्यावर असं जाळीदार सोडणं मला या जन्मात जमायचं नाही. तिनं मला बाजूला बसवून दाखवलं. मग मी तिच्या मसाल्याच्या डब्यात नाक घातलं. इकडच्या मसाल्यात आमच्यासारखा कांदा-लसूण नसतो, मिरची आणि खडा मसाला भाजून थेट कुटतात. मी म्हटलं, "तू धने जास्त भाजतेस." ती म्हणाली, "इथल्या वहिनींनी शिकवलं तसं करते, मावशी. आमच्या गावात तर मोहरी वाटून घालतात सगळ्यात. इथं तसं केलं तर पाहुणे पळून जातील."

गाव कुठलं, तर मुर्शिदाबाद. पश्चिम बंगालमधलं. नवरा मोफिजुल गवंडी. शेजारच्या प्लॉटवर मुंबईच्या एका माणसाचा बंगला उठत होता, त्याच्या कुंपणाची जांभ्या चिऱ्याची भिंत तो बांधत होता. तो आधी आला, लग्नानंतर काही वर्षांनी तिला घेऊन आला. त्यांची मुलगी रेश्मा गावातल्या मराठी शाळेत जाते.

त्या संध्याकाळी विलासनी पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. जाळ लावायला मोफिजुल आला. काटक, कानशिलावर केस पिकायला लागलेले, बोलणं हळू. मी उतावीळपणानं मडक्याकडे हात नेला तर म्हणाला, "थांबा मावशी, वाफ गेली तर शेंगा दडस राहतील." मराठी अगदी इथलं, फक्त 'व' आला की थोडा अडखळायचा.

शेंगा सोलता सोलता सुमनताई प्रशांतचं सांगत होती. इतकी वर्षं तिथं राहतो, कर भरतो, घर घेतलं, तरी कायमच्या परवान्याच्या रांगेत ताटकळतो आहे. मागच्या वेळी इथून परत जाताना विमानतळावर त्याला बाजूला घेऊन काय काय विचारलं. नोकरी सुटली तर मुदतीत देश सोडा म्हणतात. "माणूस म्हणून काही किंमतच नाही बघा," ती विलासना म्हणाली. "कायम परका."

मोफिजुल ऐकत होता. त्यानं विचारलं, "मग ते परत का नाही येत?"

"का येईल?" सुमनताई म्हणाली. "एवढ्या कष्टानं तिथं सगळं उभं केलंय त्यानं."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर पाय भिजवून परतत होतो, तर शेजारच्या प्लॉटसमोर पोलिसांच्या दोन गाड्या. कामगारांना ओळीत बसवलेलं. एक साध्या वेशातला माणूस प्रत्येकाला नाव विचारत होता, आणि नाव ऐकून उजवीकडे किंवा डावीकडे पाठवत होता. त्यांच्यातला एक जण मोफिजुलच्याच तालुक्यातला, त्याच्याच बरोबर काम करणारा, त्याच्याच सारखं बोलणारा. त्याचं नाव हिंदू होतं. तो सुटला. मोफिजुल आणि आणखी तिघं गाडीत. हातातली ओळंब्याची दोरीसुद्धा त्याला खाली ठेवता आली नव्हती, ती तशीच मुठीत घेऊन तो गाडीत चढला.

साहिदा पिठाच्या हातानं धावत आली. तिला विलासच्या बायकोनं धरून आत नेलं, आणि बरं केलं, कारण तो साध्या वेशातला माणूस विचारत होता, "याची बाई कुठंय?"

विलासनी फाटकाशी उभं राहून सांगितलं, "बाजारात गेली असंल." त्यांचा आवाज कापत होता. ते मला ऐकू आलं, पोलिसाला आलं नसावं.

ठाण्यावर

ठाण्याचं नाव लिहीत नाही. माझी खात्री आहे की दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात मला हेच ऐकायला मिळालं असतं, कारण अधिकाऱ्याच्या तोंडातली वाक्यं त्याची नव्हती. ती वरून आलेली होती.

विलास आणि मी गेलो. मोफिजुलचं आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्डाची प्रत, सगळं साहिदानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. सभ्यपणाचा मला इतका राग येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हे कुठलाही बांगलादेशी बनवून घेतो," तो कार्डांकडे न बघता म्हणाला. "आधार म्हणजे काही नागरिकत्वाचा पुरावा नाही."

"मतदार ओळखपत्र?" मी विचारलं.

"तेही बनतं."

"मग पुरावा काय?"

"जन्माचा दाखला. जमिनीचे कागद. आईवडिलांचे कागद. त्याच्या गावच्या पोलिसांकडून आम्ही माहिती मागवली आहे."

"ती येईपर्यंत सोडा त्याला. आम्ही हमी देतो."

"मॅडम, तुम्ही पर्यटक आहात ना?" तो खरोखर आपुलकीनं म्हणाला. "आलाच आहात तर समुद्र बघा, किल्ला बघा. यात नका पडू."

माझ्या जन्माचा दाखला माझ्याकडे नाही. माझा जन्म आजोळी, घरात झाला. शाळेत घालताना मास्तरांनी जी तारीख टाकली ती माझी तारीख. हे मी त्याला सांगितलं. तो हसला. "तुमचं वेगळं आहे," म्हणाला. वेगळं काय आहे, हे मी विचारलं. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

निघताना विलासनी हात जोडले तेव्हा त्यानं एक वाट दाखवली. हा माणूस इथं कधीपासून आहे हे सांगणारा कोणी स्थानिक, घरदार असलेला, वजनदार माणूस असेल तर आणा, जबाब नोंदवू. विलासचा आणि मोफिजुलचा परिचय अलीकडचा. त्याच्या आधी तो बोर्ली पंचतनला होता. तिथल्या एका इस्माईलभाईंचं घर त्यानं बांधलं होतं, आणि अगदी पोरवयात पहिल्यांदा आला तो त्यांच्याकडेच, हे साहिदाला माहीत होतं. इस्माईलभाईंना फोन लावला, पण अनोळखी नंबर त्यांनी उचलला नाही.

वाडीत परत आलो तर सुमनताई पडवीत पेपर वाचत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, कागद नीट असतील तर सोडतील की. तपासायला नको का? देश म्हणजे धर्मशाळा आहे का?"

"प्रशांतला बाजूला घेतलं तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस."

"प्रशांत इंजिनिअर आहे. रीतसर व्हिसा घेऊन गेलाय."

"आणि याला मुर्शिदाबादहून नागावला यायला कुठला व्हिसा लागतो, ताई?"

ती पेपर घडी घालून आत गेली. आयुष्यभरात आम्ही पुष्कळ भांडलो आहोत, पण तिच्या पाठीकडे बघून मला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

आगरदांडा ते दिघी

सकाळी विलासच्या गाडीतून बोर्लीला निघालो. रेवदंडा, काशीद, मुरूड करत रस्ता सगळा समुद्राच्या कडेनं जातो. एरवी या रस्त्यावर मी वळणावळणाला गाडी थांबवायला लावली असती. काशीदला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर घोडागाड्या फिरत होत्या, लोक नारळपाणी पीत होते, आणि माझ्या डोक्यात एकच, की तो माणूस आत्ता कुठे बसला असेल.

मुरूडच्या अलीकडे विलास म्हणाले, "मावशी, खरं सांगू का. मला भ्या वाटतंय. उद्या माझ्यावरच आलं, की यांना ठेवलं कशाला म्हणून. होमस्टेचा परवाना हाय माझा. तुम्ही चार दिवसांनी जाल, मला इथंच राह्याचं हाय."

"मग परत फिरायचं का?"

"न्हाय," ते म्हणाले. "माझ्या आईला दवाखान्यात न्यायची होती त्या पावसात तो पाणी तुडवत पुढं चालला होता. फिरून काय तोंड दाखवू साहिदाला."

आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीवर चढलो. बोट सुटली की उजव्या हाताला जंजिरा दिसतो. भोवतीचे सगळे फोन वर करून फोटो काढायला लागले. समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी पिढ्यान् पिढ्या राखलेला हा किल्ला बघायला आपण तिकीट काढून शिडाच्या होडीत बसतो, गाईडचं ऐकून माना डोलावतो. परक्या माणसाला मरून तीनशे वर्षं झाली की त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. जिवंत असून आपली भिंत बांधत असला की त्याला गाडीत घालतो.

शेजारी उभ्या असलेल्या एका जोडप्यातला नवरा बायकोला सांगत होता, "इकडे म्हणे बांगलादेशी सापडले काल. बरं झालं, साफसफाई चाललीय." मला त्याच्याशी बोलायचं होतं. विलासनी माझ्या दंडाला हात लावला.

बोर्ली पंचतन

बोर्ली हे बाजाराचं गाव. भाताच्या मोकळ्या झालेल्या खाचरांतून गाडी आत शिरते आणि एकदम मोठमोठी घरं दिसायला लागतात. रंगीत कठडे, संगमरवरी पायऱ्या, नक्षीची फाटकं. आणि बरीचशी बंद. ज्यांनी ती बांधली ते दुबईत, कतारला, मस्कतला. दोन वर्षांतून एकदा येऊन खिडक्या उघडतात. शेजारच्या हिंदू वाड्यांमधली तरणी माणसं मुंबईला, पनवेलच्या कारखान्यांत. गावातली माणसं गाव सोडून दुसऱ्यांची शहरं बांधतात, आणि त्यांची घरं बांधायला बंगालहून माणसं येतात. यात मला काही वावगं दिसत नाही. माणसं पोटामागे जातात. वावगं हे की यातल्या एकाला आपण कर्तबगार म्हणतो आणि दुसऱ्याला घुसखोर.

इस्माईलभाई सत्तरीचे. उंच, पाठ अजून ताठ, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. मोठ्या घरात ते आणि त्यांची बायको झुबेदाबी, दोघंच. मुलगे दोघेही आखातात. आम्ही कोण, कशासाठी आलो, हे सांगायच्या आधीच झुबेदाबींनी सांदणं पुढे ठेवली. माडाच्या ताज्या रसावर, म्हणजे माडीवर, फुगवलेली, नारळाच्या दुधातली, आमच्या इडलीपेक्षा हलकी. मोफिजुलचं नाव ऐकल्यावर इस्माईलभाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"हा जो जिना हाय ना," ते म्हणाले, "तीनदा तोडलान आणि परत बांधलान. मी म्हटलं चालंल रे. तो म्हणाला, चाचा, तुमी म्हातारे होणार, पायरी उंच नको." मग विचारलं, "मारलं का त्याला?"

"माहीत नाही," विलास म्हणाले.

मग त्यांनी स्वतःची हकीगत सांगितली. आयुष्याची ऐन वर्षं त्यांनी जेद्दाला काढली. तिथं प्रत्येक परदेशी माणूस एका कफीलच्या नावावर असतो. कफील म्हणजे तुमच्या परवान्याचा धनी, तो रागावला की तुम्ही बेकायदा. यांचा कफील बदलला, नव्यानं इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवायला टाळाटाळ केली. एका दुपारी इस्माईलभाई भाजी आणायला खाली उतरले आणि पोलिसांनी धरलं. "तिथं एक मोठा हॉल असतो. तरहील बोलतात. दुनियेतली माणसं त्यात कोंबलेली. खोलीवर माझे कपडे, घड्याळ, पोरांसाठी घेतलेली खेळणी. काही आणू दिलान नाय. अंगावरच्या कपड्यांत विमानात बसवलान."

झुबेदाबी दाराशी उभ्या होत्या. "विमानतळावरसून आले तवा पायात चप्पल नव्हती," त्या म्हणाल्या.

"पण ऐका," इस्माईलभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता, फक्त शब्द सुटे सुटे यायला लागले. "तो मुलूख माझा नव्हता. ते मना परका बोलले, तर खरं बोलले. आणि मना पाठवलान तो माझ्या घरी पाठवलान. या पोराला हे लोक कुठं पाठवणार? त्याचं घर कुठंय दुसरं?"

सांगलीहून निघाल्यापासून, खरं तर गेल्या कित्येक वर्षांत, एवढी सरळ गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

ते उठून सदरा बदलायला गेले. झुबेदाबी मागोमाग. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, "तुमी जाव नका. अझरचा पासपोर्ट नवा करायचाय, पोलीस घरी येनार हायेत. नावावर काय बट्टा लागला तर पोराची नोकरी जाईल." कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. मग इस्माईलभाई म्हणाले, "जिन्यावरनं उतरताना मना लाज वाटंल, झुबेदा."

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात नवऱ्याच्या औषधांची पिशवी होती. मला म्हणाल्या, "दुपारची गोळी जेवल्यावर द्या. त्यांना आठवन राहत नाय."

परत ठाण्यावर

तोच अधिकारी, त्याच खुर्च्या. इस्माईलभाईंनी सांगितलं की मोफिजुल पोरवयापासून आपल्याकडे कामाला होता, त्याचे वडील येऊन आपल्या ओटीवर राहून गेले आहेत, आपण स्वतः त्याच्या लग्नाला त्याच्या गावी जाऊन आलो आहोत, गावाचं नाव अमुक, स्टेशनवरून उतरून अमुक वाटेनं जायचं, घरामागे तळं आहे.

अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला ठेवलंत तेव्हा पोलिसांना कळवलं होतं का?"

"तवा कोन कळवतो? कामगार तो."

"म्हणजे नाही कळवलं. परदेशी माणसाला आसरा देणं गुन्हा आहे, चाचा."

"परदेशी असंल तर ना."

"तुमचे स्वतःचे कागद आणलेत का?"

खोलीत पंखा फिरत होता. इस्माईलभाईंनी अधिकाऱ्याकडे बघितलं. त्यांच्या घराण्याची कबरस्तानातली थडगी कितीतरी पिढ्यांची आहेत, त्यांच्या पूर्वजांची गलबतं या किनाऱ्यावरून माल नेत होती, त्यांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनं आहे. त्यांनी खिशातून आधारकार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हा काही पुरावा नाही म्हणता ना तुम्ही?" मी म्हणाले. "मग यांनाही घाला गाडीत. मलाही घाला, माझ्याकडे तर तेवढंही नाही, वाडीवर पर्समध्ये विसरलेय."

विलास उभे राहिले. मला वाटलं घाबरून निघताहेत. पण ते म्हणाले, "साहेब, यांचा जबाब लिवून घ्या. माझापन लिवा. मीच ठेवला व्हता त्याला माझ्या वाडीत, व्हय. बायकोपन माझ्याकडंच हाय."

ज्या माणसाला सकाळी भीती वाटत होती त्यानं हे सांगितलं. अधिकाऱ्यानं जबाब लिहून घेतले. आम्ही तिघांनी सह्या केल्या. मग त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "पण खरं सांगायचं तर त्यांना आज सकाळीच हलवलंय."

"कुठे?"

"ते वरिष्ठ सांगतील."

वरिष्ठ जागेवर नव्हते. म्हणजे जबाब लिहून घेत असताना, पाठीला कळ लागलेला एक म्हातारा खुर्चीत सावरून बसत असताना, याला ठाऊक होतं की ज्याच्यासाठी हे चाललंय तो जिल्ह्यातच नाही.

अलिबागला विलासच्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, "अटक दाखवली आहे का?" नाही. "गुन्हा दाखल आहे?" नाही. "मग जामीन कशाचा मागू? कागदावर तो माणूस पोलिसांकडे नाहीच." मुंबईच्या कोर्टात दाद मागता येईल, म्हणाले, तयारीला लागतो. ते लागलेही. भला माणूस. पण चोराला चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं, आणि नावामुळे उचललेल्या माणसाला ते भाग्य नाही, हे त्यांच्याकडूनच मला कळलं.

वाडीत परतलो तेव्हा इस्माईलभाईंना एसटीत बसवून झालं होतं. स्वयंपाकघरात सुमनताई पाटावर बसून लसूण सोलत होती. शेजारी साहिदा. रेश्मा सुमनताईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. दोघींना तिनं आमच्या खोलीत हलवलं होतं आणि दाराला आतून कडी घालायला सांगितलं होतं. दिवसभर कोणी आलं तर पुढे होऊन हीच बोलत होती.

मला वाटलं, संपलं आमचं भांडण. साहिदाचा डोळा लागल्यावर ताई बाहेर आली आणि म्हणाली, "ही बिचारी तशी नाही गं. हिला उगीच त्रास. धोरण बरोबर आहे, पण चुकीची माणसं धरतात."

"बरोबर माणसं कशी दिसतात, ताई? तू बघितलंस का एखादं?"

ती म्हणाली, "तू फार चिडतेस."

चिडते. ज्या चार लोकांना उचललं त्यांच्यापैकी एकाच्या बायकोचे घावणे तिनं खाल्ले, म्हणून तो एक 'तसा' नाही. बाकी तिघांच्या घरचं तिनं खाल्लं नव्हतं. तिच्याशी माझं नातं तुटलं नाही, तुटणारही नाही. पण त्या दिवसापासून प्रशांतचं काही सांगायला लागली की मी मसाल्याचा विषय काढते.

सांगली

पुढचं सगळं फोनवरून कळलं.

नागावातली निम्मी बांधकामं थांबली. उचललेल्यांपेक्षा घाबरून पळालेले जास्त. बंगल्याचा मुंबईचा मालक विलासना फोन करून विचारत होता, गवंडी कधी मिळेल, माझं काम रखडलंय. हाच माणूस बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात कारवाईबद्दल अभिनंदनाचे संदेश टाकत होता, हे विलासनी सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं होतं. मला आलं नाही.

मोफिजुलला पुण्याहून विमानानं बांगलादेशच्या सीमेकडे नेलं, आणि एका पहाटे बाकीच्यांबरोबर शेतातून पलीकडे ढकललं. मागे वळलात तर गोळी घालू, असं सांगून. पलीकडच्या गावकऱ्यांनी त्यांना पकडलं. कुठले, विचारलं. यांनी सांगितलं, भारतातले. तर तिकडच्या पोलिसांनी विनापरवाना देशात शिरले म्हणून कोठडीत घातलं. त्यात तिकडच्यांची काही चूक नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोफिजुल खरोखरचा घुसखोर झाला होता, आणि तो त्याला त्याच्या सरकारनं केला.

त्याच्या गावच्या पोलिसांचं उत्तर ठाण्यावर आलं. माणूस इथलाच, बाप इथला, आजा इथला, जमीन नावावर. उशिरा आलं, पण आलं. त्या उत्तरावर आणि वकिलांनी जोडलेल्या इस्माईलभाईंच्या जबाबावर काही आठवड्यांनी त्याला परत घेतलं. कोणी माफी मागितली नाही. सीमेवर एक फाटक उघडलं आणि सांगितलं, जा. साहिदा तोवर रेश्माला घेऊन गावी पोचली होती. इस्माईलभाईंना मात्र ठाण्यावरून दोनदा बोलावणं आलं, सहज चौकशीसाठी. अझरचा पासपोर्ट खूप दिवस अडकला आणि मग झाला.

मोफिजुलच्या गावात काम नाही. नागावला परत येणार का, असं मी एकदा विचारलं. त्यानं फोन साहिदाच्या हाती दिला, आणि मी पुन्हा विचारलं नाही. मग साहिदानं सांगितलं की त्यानं पासपोर्ट काढला. ज्या सरकारनं तो आपला नाही म्हणून ढकलून दिला होता, त्याच सरकारनं पोलीस पडताळणी करून तो आपला असल्याचं लिहून दिलं, सिंहाच्या शिक्क्यासकट. इस्माईलभाईंच्या ओळखीतून जेद्दाला गवंडीकाम लागलं. जाण्याआधी म्हाताऱ्यानं त्याला फोनवर बजावलं होतं, पासपोर्ट कफीलच्या हाती देऊ नको, इकाम्याची तारीख स्वतः बघ.

गेल्या महिन्यात त्याचा तिकडून फोन आला. मी गिरणीत होते. यंत्र बंद करायला लावलं. जेवणाचं विचारलं, खोलीचं विचारलं. आठ जणांत एक खोली आहे, पण ठीक आहे म्हणाला. तिथं त्याला सगळे परदेशीच म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

विमान मुंबईहून होतं. रेल्वेनं आला, एक रात्र कंपनीच्या माणसानं ठेवलं, मग विमानतळ. मी विचारलं, भीती वाटली का.

"वाटली," तो म्हणाला. "पण मी बंगालीत एक शब्द बोललो नाही, मावशी. स्टेशनपासून विमानात बसेपर्यंत फक्त मराठी. रिक्षावाल्याशी पण, पोलिसाशी पण. कोणाला कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"मी कुठला ते."